कुंपणावर टांगलेला निळा ट्रॅकसूट

मी एक जुना ट्रॅकसूट आहे. खरं सांगायचं तर आता निम्माच उरलो आहे. माझी जोडीदारीण विजार लादी पुसायच्या फडक्यांत केव्हाच गेली आणि मी, म्हणजे वरचा चेन लावायचा भाग, एकटा मागे राहिलो. माझा रंग निळा. आमच्या पिरोत गावचे लोक मला राखाडी म्हणतात, पण मित्रांनो, त्यांचं मनावर घ्यायचं नसतं. चिक्कू म्हणून सगळ्या सर्बियात त्यांचं नाव आहे. आता त्यांच्या चिक्कूपणामुळेच मी आजवर जिवंत आहे, म्हणून मीही त्यांना फार बोलत नाही.

माझा जन्म विणकामाच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा आमचा देश मोठा होता आणि त्याचं नावही वेगळं होतं. एका बाईने माझी चेन बसवली, दुसरीने बाह्यांवर दोन-दोन पांढरे पट्टे शिवले, आणि शिवता शिवता दोघींनी आपापल्या सुनांना यथेच्छ नावं ठेवली. टाके मात्र असे पक्के घातले की आजतागायत एकही उसवलेला नाही. आता तो देश नाही आणि तो कारखानाही नाही. कारखान्याच्या जागी फरशा विकतात. मी मात्र आहे.

मला पहिल्यांदा अंगात घातलं ते स्तामेनने. तेव्हा तो शाळेत होता, अंगाने नुसता काटकुळा, आणि गावच्या क्लबातर्फे धावायचा. नदीकाठी काळ्या चुरीचा एक ट्रॅक आहे, तिथे तो रोज पहाटे मला घेऊन जाई. जिल्ह्याच्या शर्यतीत तो पहिला आला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर उचललं, म्हणजे ओघाने मलाही उचललं. त्या दिवसाच्या फोटोत त्याच्यापेक्षा मीच उठून दिसतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग स्तामेन सैन्यात गेला, परत आला, नोकरीला लागला आणि धावणं मागे पडलं. त्याची आई विदोसावा कुठलीही वस्तू टाकत नाही. तिने हिवाळ्यात तळघरातलं आंबवलेल्या कोबीचं पिंप गोठू नये म्हणून मला त्या पिंपाभोवती गुंडाळलं. जिल्ह्याचा विजेता होतो हो मी! आणि कित्येक हिवाळे पिंपाला मिठी मारून अंधारात बसलो. अंगाला आंबट वास लागला तो लागलाच. पुढे म्हातारीची पाठ धरू लागली तेव्हा लाकडं आणताना घालायला म्हणून तिने मला वर आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला टांगलं. वर येऊन पाहतो तर स्तामेन ओळखू येईना.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा गाडी येई आणि त्याला रक्त स्वच्छ करायच्या यंत्रावर घेऊन जाई. संध्याकाळी तो पिळून टाकल्यासारखा परत येई. पाणीसुद्धा पेल्याने मोजून प्यायचं. टोमॅटो नाही, घेवडा नाही, कलिंगड नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसत होता. मला फार वाईट वाटलं. ज्या छातीवर मी एकेकाळी ताठ बसत होतो ती आत गेली होती.

त्याला एक धाकटी बहीण आहे, नेवेंका. ती शाळेत स्वयंपाकीण. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त. तिचा नवरा कामासाठी व्हिएन्नाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून ती आईकडेच राहते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती नीश शहराच्या मोठ्या इस्पितळातून आली आणि कोट न काढताच टेबलाशी बसली.

"माझं मूत्रपिंड दादाला जुळतंय," ती म्हणाली. "चांगलं ठणठणीत आहे म्हणे. पण डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्या वजनाच्या बाईचं आम्ही काढत नाही, पुढे तुम्हालाच त्रास होईल. वजन उतरवा, दम वाढवा आणि शरद ऋतूत या."

"सुटलो बुवा!" स्तामेन म्हणाला. "तुझं वजन काही उतरत नाही आणि तुझे उपकार काही माझ्या डोक्यावर बसत नाहीत."

"उतरवून दाखवते."

"कशी?"

"धावून. नुसतं उपाशी राहून पाहिलंय मी, चार दिवसांत भांडी फेकायला लागते."

स्तामेनला हसताना खोकला लागला. "नेवे, तू बस पकडायलासुद्धा धावत नाहीस. बस तुझ्यासाठी थांबते!"

नेवेंका हसली नाही. तिने दारामागच्या खुंटीवरून मला ओढलं आणि अंगात चढवलं. चेन पोटाशी अडकली. तिने श्वास आत घेतला आणि चेन गळ्यापर्यंत नेली. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी माझ्या आत धावायला निघालेलं माणूस आलं होतं. कोबीचा वाससुद्धा मी विसरलो.

पण सुरुवात मात्र सगळी चुकली. आमच्या गावात लढायांपेक्षा जास्त माणसं आरपारच्या वाऱ्याने मेली आहेत, असं विदोसावा शपथेवर सांगते. समोरासमोरच्या दोन खिडक्या तिच्या घरात कधी एका वेळी उघडत नाहीत. भर जुलैत बसची खिडकी उघडणाऱ्याला अख्खी बस खाऊ की गिळू करते. आणि घाम आलेल्या अंगावर वारा म्हणजे तर थेट पाद्रीबुवांनाच बोलावणं धाडायचं. तेव्हा मुलगी धावायला निघाली म्हटल्यावर म्हातारीने तिला आधी लोकरी बंडी घातली, त्यावर स्वेटर, त्यावर मी, त्यावर मफलर आणि कानटोपी. शेजारणीने त्यात आपलं शहाणपण घातलं. मिरचीच्या रोपांवर घालतात ते प्लॅस्टिक तिने कापून आणलं आणि नेवेंकाच्या पोटाला घट्ट गुंडाळलं. "घाम गाळ, म्हणजे चरबी लोण्यासारखी वितळते," असं ती म्हणाली. त्यावर कुणालाही शंका आली नाही.

ट्रॅकवर जायचं तर वाटेत कॉफीचं दुकान लागतं. तिथे सकाळपासून निवृत्त मंडळी ठाण मांडून असतात.

"काय गं नेवेंका, दूध उतू चाललंय का?"

"अगं, कोण मागे लागलंय?"

"आता पळून काय उपयोग? नवरा तर केव्हाच पळाला!"

ती लाजेने लाल झाली आणि आणखी जोरात धावू लागली. धावायला नव्याने लागलेला माणूस हीच चूक करतो. आपल्याला लोक बघतायत म्हटलं की तो शर्यतीला निघाल्यासारखा सुटतो. ट्रॅकवर पोचेपर्यंत तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि माझ्या अस्तरातून घाम ठिबकत होता. पहिल्या दिवशी ती अर्ध्या फेरीत गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं, आणि नदीकडच्या वळणावर ती कोसळली.

दोघातिघांनी तिला उचलून घरी आणलं. म्हातारीने खिडक्या लावल्या, तिच्या तळपायांना राकिया, म्हणजे आमच्याकडची फळांची कडक दारू, चोळली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वारा लागला! मी म्हटलं होतं, आणखी एक स्वेटर घाल म्हणून!"

स्तामेन त्या दिवशी यंत्रावरून नुकताच आला होता. भिंतीला धरत धरत तो बहिणीपाशी आला आणि त्याने माझी चेन खाली ओढली. मग स्वेटर, मग बंडी, आणि मग ते प्लॅस्टिक हाताला लागलं. त्याने ते ओढून बाहेर काढलं.

"हे काय? ही बाई आहे की मिरचीचं रोप? आई, वाऱ्याने नाही पडली ती, शिजलीये! तुम्ही तिला वाफवलीत!"

मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "पुरे झालं हे. मला नको तुझं काही. मी एक आजारी आहे तेवढा बास आहे."

म्हातारी चुलीकडे तोंड करून रडायला लागली. एका लेकरासाठी दुसरं पणाला लावायचं, हे तिलाही सोसवत नव्हतं, आणि तसं बोलायलाही जीभ उचलत नव्हती. नेवेंका मात्र खाटेवर उठून बसली. केस चिकटलेले, पायांना राकियाचा वास.

"मी पडले दादा, मेले नाही. उद्या परत जाणार. तू शिकवलंस तर नीट धावेन, नाही शिकवलंस तर अशीच धावेन. काय ते ठरव."

स्तामेनने ते प्लॅस्टिक चुरगाळून कोपऱ्यात फेकलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मी सांगेन तसं. आणि आधी तो ट्रॅकसूट काढायचा."

मित्रांनो, मला काय वाटलं ते विचारू नका. ज्याने मला वैभव दाखवलं त्यानेच मला उतरवायला सांगितलं. त्या रात्री खुंटीवर मी फार अपमानित होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकच्या कुंपणाशी मायलेकांचं खडाजंगी भांडण झालं. नेवेंका साध्या सुती बंडीवर उभी होती आणि मी विदोसावाच्या हातात.

"नदीवरचा वारा आहे हा! न्यूमोनिया होईल तिला!"

"आई, धावताना अंग आपोआप तापतं. घाम सुकायला हवा."

"तुला काय कळतं? तुझी मूत्रपिंडंसुद्धा ओल्या केसांनी हिंडूनच गेली!"

शेवटी तोड निघाली. नेवेंका धावेल तोवर म्हातारी मला छातीशी धरून कुंपणापाशी उभी राहील, आणि ती थांबली की त्याच क्षणी मला तिच्या खांद्यांवर टाकेल. तेव्हापासून माझी नेमणूक कुंपणावर झाली. म्हातारीचे हात दुखले की ती मला तारेवर टांगे, पण नजर माझ्यावर आणि लेकीवर, आळीपाळीने.

स्तामेनची शिकवण साधी होती. ट्रॅकच्या कडेला दिव्यांचे खांब आहेत. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, तिथून तिसऱ्यापर्यंत चालायचं, मग पुन्हा धावायचं. आणि धावायचं म्हणजे किती? तर तो शेजारून चालेल तितकंच. यंत्रावर जगणारा माणूस किती जोरात चालणार? सुरुवातीला नेवेंकाला या गतीची लाज वाटली.

"दादा, याला धावणं म्हणतात का? गोगलगाय पुढे गेली आत्ता."

"जाऊ दे तिला. तिला मूत्रपिंड द्यायचं नाहीये. तू बोल काहीतरी. बोलता आलं पाहिजे, नाहीतर गती जास्त आहे."

"काय बोलू?"

"सारमा कशा करतेस ते सांग."

मग ती धावत धावत सांगू लागली. आंबवलेल्या कोबीची पानं कशी सोडवायची, खिमा किती, तांदूळ किती, गुंडाळी किती घट्ट. मध्येच वाक्य तुटलं की स्तामेन म्हणे, "चाल." वाक्य सरळ आलं की म्हणे, "हं, मग? धुरी दिलेलं मांस कधी घालायचं?" त्याला यातलं फारसं काही चालत नव्हतं, पण ऐकायला पथ्य नसतं. मार्चच्या अखेरीस ती सारमा न थांबता चुलीवर चढवू लागली. मेमध्ये त्या शिजल्या. जूनमध्ये ती सबंध ट्रॅकभर धावत अख्ख्या शाळेचा घेवडा रांधून वाढू लागली. तोवर स्तामेन चालायचं सोडून बाकावर बसून ऐकत असे, कारण ती पुढे निघून जाऊ लागली होती.

कॉफीच्या दुकानातली मंडळी पहिल्यांदा हसली, मग कंटाळली. एकाने तिला येताना पाहून खुर्ची वाटेतून बाजूला घेतली, तेवढाच त्यांनी केलेला सन्मान. ती नेमाने जात होती, म्हणजे एक दिवस धावणं आणि एक दिवस विश्रांती, असा नेम. पावसात गेली. पिंढऱ्या लाकडासारख्या झाल्या तेव्हाही गेली, पण स्तामेनच्या सांगण्यावरून नुसती चालली. आणि ती थांबली की मी तिच्या खांद्यांवर पडायचो. तापलेलं, थरथरणारं अंग, आणि त्यावर मी. मला तेव्हा कळलं की धावताना मिरवणं हे एक काम, आणि धावून झाल्यावर ऊब देणं हे दुसरं. दुसऱ्या कामाचे फोटो कुणी काढत नाही. पण मला ते आवडू लागलं.

सप्टेंबरात ती नीशला गेली. माझी चेन आता तिच्या पोटाशी अडकत नव्हती, उलट मी सैल लोंबत होतो. आम्हा सगळ्यांना खात्री होती. ती परत आली तेव्हा तिने कोट काढला, नीट टांगला आणि म्हणाली, "अजून थोडं राहिलंय. महिन्याने बोलावलंय."

त्याच आठवड्यात स्तामेनच्या फुप्फुसांत पाणी झालं आणि त्याला इस्पितळात ठेवलं. घरात त्याची खुर्ची रिकामी. म्हातारी मेणबत्ती लावून बसलेली. नेवेंकाने त्या दिवशी पहाटे फेऱ्या मारल्या, दुपारी मारल्या, संध्याकाळी पुन्हा मला उचललं. भाकरीला हात लावला नाही. विदोसावा दारात आडवी उभी राहिली.

"सरक आई. वेळ नाहीये आपल्याकडे."

म्हातारी सरकली नाही. तिने टेलिफोन उचलला, इस्पितळात लावला आणि लेकीच्या कानाला धरला. मी खांद्यावर होतो, त्यामुळे स्तामेनचा घरघरणारा आवाज मलाही ऐकू आला.

"नेवे, आज किती वेळा?"

"दोनदा."

"आणि जेवलीस?"

तिने न शिवलेल्या भाकरीकडे पाहिलं.

"ऐक. पाय मोडून घेतलास तर मी मेलोच समज. मला घाई नाहीये का? मलाच आहे गं सगळ्यात जास्त. पण घाईने काही उतरत नाही. आज बस. उद्याही बस. परवा धाव. आणि आत्ता सूप पी, मला भुरके ऐकू येऊ देत."

ती बसली. चमचा हातात घेतला आणि रडत रडत सूप प्यायली. टेलिफोन म्हातारीने तसाच धरून ठेवला होता. मित्रांनो, तिचं धावणं मी पुष्कळ पाहिलं, पण त्या दोन दिवसांतलं तिचं बसून राहणं मला सगळ्यात अवघड वाटलं. मुठी मांडीखाली दाबून ती खिडकीतून नुसती ट्रॅककडे बघत होती. तिसऱ्या दिवशी ती उठली आणि पूर्वीसारखीच, बोलता येईल इतक्याच गतीने, धावली. तो सगळा महिना तिने तसाच काढला. स्तामेन बाकावर नसे, तरी ती सारमा सांगत असे, मोठ्याने, कुंपणाशी उभ्या म्हातारीला. म्हातारी तिला तिखटाचं प्रमाण चुकलं म्हणून ओरडे.

ऑक्टोबरात डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. नोव्हेंबरात दोघा भावंडांना एकाच सकाळी आत नेलं. आत जाताना स्तामेन स्ट्रेचरवरून म्हणाला, "नेवे, अजून वेळ आहे, पळून जा. आता तुला येतं." ती म्हणाली, "गप्प पड रे दादा." त्यांच्या मागे दार लागलं.

बाहेरच्या बाकावर विदोसावा बसली, मला अंगात घालून. तिच्या काळ्या पोशाखावर मी अगदीच विजोड दिसत होतो, पण तिला त्याचं भान नव्हतं. तिने माझ्या बाह्या मुठीत इतक्या घट्ट धरल्या होत्या की आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या टाक्यांची काळजी वाटली. ती मध्येच क्रूसाची खूण करी आणि पुन्हा बाह्या धरी. दुपार कलल्यावर एक नर्स बाहेर आली.

"आजी, मुलगी शुद्धीवर आलीये, छान आहे. आणि मुलाचं नवं मूत्रपिंड लागलंच कामाला. टेबलावरच लघवी झाली त्याला."

मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाला लघवीही होईनाशी होते, मित्रांनो. स्तामेनला कित्येक वर्षांत झाली नव्हती. म्हातारी उठून उभी राहिली. तिने नर्सचे दोन्ही गाल धरून मुके घेतले, मग टेलिफोन काढला आणि गावातल्या एकेकाला लावत सुटली. त्या लांबलचक, गुळगुळीत, शांत व्हरांड्यात तिचा आवाज घुमत होता.

"शू झाली! अहो, माझ्या बाळाला शू झाली!"

बाळाच्या डोक्यावर एक केस नव्हता. पण समोरच्या बाकांवरची अनोळखी माणसं उठली आणि टाळ्या वाजवू लागली, कारण त्यांचंही कुणी ना कुणी आत होतं. जिल्ह्याच्या शर्यतीतल्या टाळ्या मी ऐकलेल्या आहेत. या टाळ्यांपुढे त्या काहीच नव्हत्या.

आता माझं वय झालं आहे. कोपरं विरली आहेत आणि कॉलर झिजून गेली आहे. तरी मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं मागतो. मला जपा असं मी म्हणत नाही, माझ्यासारखे ट्रॅकसूट बाजारात पुष्कळ मिळतात. तुम्ही आपलं अंग जपा. त्याला हळूहळू चालवा, धावायला शिकवा, दमलं की थांबू द्या आणि भुकेलं की खाऊ घाला. ते काही एकट्या तुमचंच असतं असं नाही. त्यातलं काहीतरी एखाद दिवशी दुसऱ्या कुणालातरी जगायला लागेल.